कन्येचे गुण बोलावयाची मोहीम

श्री. दारावरल्या गणेशपट्टीस दंडवत, कुलदेवतेस दंडवत, आणि ज्यांस हे वाचावयास सवड आहे त्या धन्यांसही दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, आषाढमासापासोन पुढे एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. कोठे तिखटमीठ लागले असेल तर ते चवीपुरते. राज्य कोणते, नगर कोणते, हे लिहावयाची आज्ञा नाही. इतके लिहितो की नगराच्या मुख्य पेठेत नळ, तोट्या, पाइप आणि टाक्या यांचे राज्य होते, आणि त्याच्या गादीवर राजश्री उल्हासशेट मालपुरे बसत. त्यांचे तीर्थरूप कैलासवासी आबाशेट यांनी ते राज्य स्थापिले, आणि उल्हासशेटांनी वाढविले, म्हणजे शेजारचा गाळा घेतला आणि त्यात आरसे, शॉवर व रंगीत बेसिने मांडिली. शेटांपाशी फौजफाटा नव्हता, शस्त्र म्हणावे तर एक जीभ होती, परंतु ती ऐशी की गिऱ्हाईक पायरी चढते न चढते तोच चालू व्हावी, आणि साधी पितळी तोटी हाती घेऊन तिचे वर्णन ऐसे करावे की ऐकणारास आपल्या घरची तोटी ही तोटीच नव्हे ऐसे वाटू लागावे. एकदा एका बाईंनी तोटी परत आणोन म्हटले, "शेट, ही गळतेय." तेव्हा शेट तिळमात्र न डगमगता बोलिले, "ताई, गळतेय म्हणजे प्रेशर चांगलं आहे तुमच्याकडे. नशीबवान आहात. आमच्या गल्लीत बघा, थेंब नाही." आणि बाई संतोष पावोन आणखी एक तोटी घेऊन गेल्या.

ऐसा बोलका पुरुष. परंतु घराचा उंबरा ओलांडिला की त्या घराण्याचा एक नेम आड येई. नेम ऐसा की आपल्या लेकराचे गुण आपल्या तोंडाने बोलू नयेत, आणि दुसऱ्याने बोलिले तर तत्काळ एक दोष सांगोन ते खोडावेत, म्हणजे दृष्ट लागत नाही. तान्ह्या पोराच्या गालावर काजळाचे बोट लावितात, तैसेच हे बोलण्यातले बोट. हा नेम आबाशेटांनी पाळिला, उल्हासशेटांनी पाळिला, आणि त्यांचे कुटुंब सौभाग्यवती वैजयंताबाई माहेरीही हेच पाहोन आल्या होत्या, म्हणोन त्यांस निराळे शिकवावे लागले नाही. उभयतांस एकच कन्या, चिरंजीव मैथिली, वय सतरा. ती दहावीस शाळेत पहिली आली तेव्हा शेजारचे दामूअण्णा भामरे, जे पूर्वी पोस्टमास्तर होते आणि आता सर्वांच्या घरचे पोस्टमास्तर आहेत, ते पेढा तोंडात टाकोन म्हणाले, "शेट, पोरीने नाव काढलं हो!" आणि शेट लगेच, "कसलं नाव अण्णा! पेपर सोपे होते यंदा. बाकं, खुर्च्यासुद्धा पास झाल्या." आणि वैजयंताबाई आतोन, "आणि घरात विचारा. कपबशी विसळायला नको तिला." मैथिली पेढ्यांचे ताट घेऊन उभी होती, ती हसली, आणि सर्वांस वाटले की पोर समजूतदार आहे, हिला कळते.

मग त्या आषाढात जेवावयास बसले असता मैथिली बोलिली, "बाबा, परदेशात एक मोठं विद्यापीठ आहे. तिथे पाण्याच्या लाइनींचं शास्त्र शिकवतात, शहराला पाणी कसं पुरवायचं, गळती कशी शोधायची, सगळं. मला तिथे जायचंय." आणि कोणी काही बोलायच्या आत तिनेच म्हटले, "पण मला कुठे घेणार म्हणा." शेट नेमाप्रमाणे म्हणाले, "नाहीच घेणार. आमटी वाढ." परंतु शेटांचे मनी निराळेच होते. पोरीचे डोके आपल्या दुकानाच्या दोन गाळ्यांत मावणारे नव्हे, हे त्यांस पुष्कळ दिवसांपासोन ठाऊक होते, आणि ती गेली पाहिजे, जिथवर जाईल तिथवर गेली पाहिजे, ही एकच इच्छा त्यांस गादीवर बसले असता, हिशेब सांगत असता, गिऱ्हाइकाशी बोलत असताही टोचत असे. म्हणोन दुसरे दिवशी सकाळी चहा घेता घेता हळूच वैजयंताबाईंस म्हणाले, "त्या कोण बाई आहेत म्हणालीस, तुझ्या भावाच्या मुलाला ज्यांनी मदत केली? चौकशी कर. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

त्या बाई म्हणजे केतकीबाई वर्तक. पूर्वीच्या राज्यांत मसलतगार असत, कोणत्या दरबारी कोणता पोशाख घालावा आणि काय बोलावे हे सांगणारे. हल्ली त्यांस काउन्सेलर म्हणतात, आणि ते विद्यापीठांच्या दरबारी मुलांनी कैसे जावे हे सांगतात. शेटांस हे प्रकरण नवे. त्यांच्या समजुतीने प्रवेश म्हणजे ओळख, म्हणोन केतकीबाई प्रथम घरी आल्या तेव्हा शेटांनी दुकानातला सर्वांत भारी शॉवर, चकचकीत, पाच तऱ्हांनी पाणी सोडणारा, त्यांच्यापुढे नजराणा म्हणोन ठेविला आणि आवाज खाली आणोन विचारिले, "बाई, वर कोणाला भेटायचं तेवढं सांगा." केतकीबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "शेट, मी एजंट नाही. वर माझं कोणी नाही. अर्जासोबतचा निबंधही मी लिहून देत नाही. मुलगी काय आहे ते तिला तिच्या तोंडाने नीट सांगता यावं, एवढंच माझं काम. तो शॉवर आत ठेवा." शेटांस हे ऐकोन काळजी वाटली, कारण ज्या बाईची वर ओळख नाही तिला फी कशाची, ऐसा त्यांचा विचार, परंतु बाईंचा चेहरा पाहोन त्यांनी शॉवर उचलोन आत नेला.

मग बाईंनी वही न काढिता, पाय दुमडोन बसोन विचारिले, "आधी तुम्ही दोघं मला मैथिलीबद्दल सांगा. तिच्यात काय काय चांगलं आहे?" मैथिली समोरच बसली होती. शेटांनी पंख्याकडे पाहिले, वैजयंताबाईंनी पदर नीट केला. मग शेट म्हणाले, "तशी... बरी आहे." केतकीबाई वाट पाहत राहिल्या, आणि वाट पाहणे म्हणजे आणखी बोला ऐसे समजोन वैजयंताबाई सुरू जाहल्या. "पालेभाजी खात नाही. केस विंचरत नाही. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला येते. आणि मागच्या उन्हाळ्यात तर काय सांगू तुम्हाला, टँकरचं पाणी चालू होतं आमच्याकडे, तर ही दुकानातली लोखंडी सळई घेऊन, एक टोक रस्त्याला आणि एक टोक कानाला लावून कॉलनीभर फिरत होती! वेड्यासारखी! लोक बघायचे. मला मेलीला तोंड दाखवायला जागा नाही." केतकीबाईंनी मान वर केली. "कशाला फिरत होती?" "कशाला म्हणजे, जमिनीखालचा नळ कुठे गळतो ते ऐकायला. प्लंबर लोक करतात ना तसं." "मग सापडला?" "सापडला की," वैजयंताबाई बोलिल्या, "पण काळी किती झाली ती उन्हाने!" मग बाईंनी मैथिलीस विचारिले, "तू सांग. तुझ्यात काय चांगलं आहे?" आणि मैथिलीने आईबापांकडे पाहिले आणि म्हणाली, "विशेष काही नाही. मी सुरू केलेलं पुरं करत नाही. माझा आवाज बारीक आहे. मार्क पडतात, पण पेपर सोपे असतात." हे तिने लाजोन म्हटले नाही, विनयाने म्हटले नाही; पत्ता सांगावा तैसे सांगितले. शेटांस आनंद वाटला की पोरीवर संस्कार चांगले आहेत. केतकीबाईंस मात्र आनंद वाटला नाही.

तेव्हा बाईंनी उभयतांस स्वयंपाकघरात नेऊन खलबत केले. म्हणाल्या, "तिकडचे लोक तिने लिहिलेलं वाचतात आणि तेच खरं धरतात. ती लिहिणार, मी कोणी नाही. मग ते कशाला घेतील? तिने हे कोणाकडून उचललं ते मी विचारत नाही. आजपासून तुम्ही दोघांनी रोज एक चांगली गोष्ट तिच्या तोंडावर सांगायची. एकच. खरी असेल ती." शेट म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच? बाई, बोलणं हा माझा धंदा आहे." आणि मोहीम हाती घेतली. परंतु जो पुरुष दिवसभर बेसिनांस नावाजी त्याची जीभ घरी वळेना. दुकानातल्या आरशांच्या दालनात उभे राहोन त्यांनी सराव केला, "मैथिली, तू...", तो गिऱ्हाईक आले, आणि त्या आवेशात शेटांनी त्यास एक आरसा, एक फळी आणि टॉवेलाची कडी विकली. घरी येवोन म्हणाले, "मैथिली, तुझं अक्षर..." ती मान वर करून पाहू लागली, तिचे डोळे ऐसे मोठे जाहले की शेट गडबडोन गेले आणि बोलिले, "अक्षर जरा सुधार." दुसऱ्या वेळी धीर करोन म्हणाले, "आज पोळ्या मस्त झाल्यात हं!" तर पोळ्या वैजयंताबाईंनी केल्या होत्या. वैजयंताबाईंची तऱ्हा त्याहून निराळी. त्या चांगले बोलत, परंतु मैथिली शाळेत गेल्यावर बोलत. ऐसे करता करता श्रावण गेला, गणपती आले, गेले, आणि मोहीम आहे त्याच ठिकाणी तळ ठोकोन राहिली.

इकडे केतकीबाईंनी मात्र मैथिलीस सोडिले नाही. तिने प्रथम जो निबंध लिहिला त्याचा आरंभच ऐसा की मी काही फार हुशार नाही तरी विचार व्हावा, तो बाईंनी वाचोन बाजूस ठेविला आणि म्हणाल्या, "हे राहू दे. मला सळईचं सांग. कानाला लावल्यावर काय ऐकू येतं?" आणि मैथिली सांगू लागली की नळ गळत नसेल तर नुसती घुमघुम येते, आणि गळत असेल तर कढईत फोडणी टाकल्यासारखे चुरचुरते, आणि गाड्या जाऊ लागल्या की काही कळत नाही म्हणोन पहाटे जावे लागे, आणि सांगता सांगता तिचा बारीक आवाज मोठा जाहला. बाई म्हणाल्या, "आता हे जसंच्या तसं लिही. स्वतःला काही म्हणू नकोस. चांगलंही नको, वाईटही नको. फक्त काय केलंस ते." तेव्हा तिने लिहिले, आणि ते चांगले उतरले, आणि कार्तिकमासी अर्ज रवाना जाहला. बाईंनी थोरल्या विद्यापीठाबरोबर आणखी काही लहान विद्यापीठांकडेही अर्ज लावविले. शेटांस ते रुचले नाही, कारण घाऊक मालाबरोबर किरकोळ कशाला. परंतु बाईंनी ऐकिले नाही.

मग पौषमासी वर्तमान आले की थोरल्या विद्यापीठाचे वकील येणार. येथे वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत. पूर्वी एका राजाचा माणूस दुसऱ्या राजाकडे जाई त्यास वकील म्हणत, तैसे हे. नाव राजश्री शरच्चंद्रराव ओगले, जन्म इकडचा, हयात तिकडची, त्याच विद्यापीठाचे जुने विद्यार्थी. आणि जुन्या विद्यार्थ्याने उमेदवारास भेटोन आपले मत कळवावे, ऐसी तिकडची चाल. केतकीबाईंनी बजाविले, "हॉटेलात भेटू द्या. मैथिली एकटी जाईल. तुम्ही कोणी जायचं नाही." त्यावर शेटांचा चेहरा पडला. "बाई, आपलं घर असताना पाहुण्याला हॉटेलात भेटायचं? उद्या लोक माझ्या तोंडावर थुंकतील." वैजयंताबाईंनी तर पुरणपोळीस डाळ किती घ्यावी याचा बेतही मनात करोन टाकिला होता. बाईंनी पुष्कळ सांगितले, परंतु पाहुणचाराच्या मुद्द्यावर ते राज्य तिळभर हटेना. शेवटी तह ठरला तो ऐसा: उभयतांनी नमस्कार करावा, चहा द्यावा, आत जावे, आणि बोलाविल्याखेरीज बाहेर येऊ नये. शेटांनी दुकानाच्या गादीची शपथ घेतली.

वकील आले. साधे गृहस्थ, पांढरे केस, पायी बूट मळलेले. शेटांनी नमस्कार केला, चहा दिला, आणि शपथेस जागोन आत गेले, आणि पडद्याशी कान लावोन उभे राहिले, कारण शपथेत कानाचे काही ठरले नव्हते. बाहेर मैथिली बोलत होती आणि वकील विचारीत होते, आणि मग वकिलांनी म्हटले, "दाखव बघू कसं ऐकतेस," आणि मैथिलीने सळई आणोन जिन्यातल्या पाइपास लाविली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "वरच्या मजल्यावर कोणाचा तरी फ्लश चालू राहिलाय." दोघे वर गेले, आणि तैसेच होते. वकील हसत हसत, टाळ्या पिटीत खाली आले. आतमध्ये शेटांनी वैजयंताबाईंचा हात धरिला होता तो घट्ट दाबिला, आणि वैजयंताबाईंचे डोळे भरोन आले. आणि तितक्यात वकिलांनीच हाक मारली, "शेट! वहिनी! या हो बाहेर. फार हुशार मुलगी आहे तुमची!"

आता काय सांगावे! पिढ्यानपिढ्यांची जीभ ती. शेट पडदा सारोन बाहेर आले ते बोलतच. "कसची हुशार, साहेब! वरचा फ्लश ऐकू येतो, घरातला नळ टपकतो तो येत नाही ऐकू!" वकील हसले, तेव्हा शेटांस वाटले की गिऱ्हाईक खूश आहे, आणि दुकानातले तेच कसब उलटे चालू जाहले, म्हणजे जितक्या खुबीने गळक्या तोटीस वाखाणावे तितक्याच खुबीने पोटच्या पोरीस उतरवावे. "नुसती आरंभशूर आहे हो. आज सळई, उद्या आणखी काही. एक काम धड शेवटाला नेईल तर शपथ! तुमच्याकडे पाठवली तर आठ दिवसांत रडत परत येईल, बघा तुम्ही." आणि वैजयंताबाई पोळीवर तूप वाढीत, "सकाळी उठवता उठवता माझा जीव जातो." वकिलांचे हसणे हळूहळू आवरले. त्यांनी पोळी खाल्ली, चांगली आहे म्हणाले, मैथिलीशी हात मिळविला, आणि गेले. वकिलांची गाडी वळणाआड गेली तेव्हा शेटांस आपण काय केले ते कळले. केतकीबाईंस फोनवर वर्तमान कळले, तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "मी हॉटेल म्हटलं होतं."

मैथिलीने ताटे उचलिली, ओटा पुसला, जे ती कधी करीत नाही ऐसे सांगण्यात येई. मग शेटांपुढे येवोन उभी राहिली आणि विचारिले, "बाबा, तुम्हाला खरंच तसं वाटतं?" शेट घाबरोन म्हणाले, "काय?" "मी काही पुरं करत नाही. आठ दिवसांत रडत येईन." "अगं वेडे," शेट बोलिले, "ते आपलं म्हणायचं असतं! दृष्ट लागू नये म्हणून! तुला एवढंही कळत नाही?" तेव्हा मैथिली म्हणाली, "म्हणायचं असतं, हे मला कोणी कधी सांगितलं? मी लहानपणापासून खरंच समजत आले." आणि ती आत गेली. मग शेटांच्या ध्यानी आले की आबाशेट आपल्यास जन्मभर चारचौघांत बिनकामाचा म्हणत आले. ते म्हणायचे होते की खरे होते, हे विचारावयाचे राहोनच गेले, आणि आता आबाशेट भिंतीवर आहेत, हार घालोन. शेटांस त्या दिवशी फार वाईट वाटले.

त्याउपरी एक चमत्कार ऐसा जाहला की शेटांची जीभ दुकानातही चालेनाशी जाहली. गिऱ्हाइकाने विचारावे, "शेट, ही तोटी कशी आहे?" आणि शेटांनी म्हणावे, "बरी आहे. गळेल कदाचित." गिऱ्हाइके एकमेकांकडे पाहोन पायऱ्या उतरू लागली. दुकानातले गडी कुजबुजू लागले, आणि पेठेत बोभाटा उठला की मालपुरे आजारी आहेत, कोणी म्हणाले दुकान विकणार. केतकीबाई शेटांस म्हणाल्या, "तिकडे जगभरातून अर्ज येतात. एका भेटीने ठरत नाही. मनाला लावून घेऊ नका." परंतु शेटांनी मनास लावून घेतले होते. पोरीचे विद्यापीठ आपल्या जिभेने घालविले, इतकेच नव्हे, पोरीच्या मनातली पोरगीही आपल्या जिभेनेच घालविली, ऐसे ते समजत, आणि काय करावे ते सुचत नसे.

मग फाल्गुन सरत आला, पाडवा तोंडावर आला, आणि थोरल्या विद्यापीठाचा निकाल आला. सकाळची वेळ. केतकीबाई मुद्दाम आल्या होत्या, आणि दामूअण्णा मुद्दाम न येताही आलेच होते. मैथिलीने मोबाइलवर पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाली, "नाही घेतलं." मग हसोन, अगदी पेढ्यांच्या ताटाच्या दिवशी हसली होती तैसेच हसोन, बोलिली, "मला वाटलंच होतं. मी कुठे तेवढी." शेटांनी ते ऐकिले आणि त्यांस आपलीच जीभ तिच्या तोंडी दिसली. तोच दामूअण्णा, ज्यांस दुसऱ्याच्या दुःखात मागे राहवत नाही, ते शेटांच्या गुडघ्यावर थोपटोन म्हणाले, "जाऊ द्या हो शेट. मुलगी तशी बेताचीच, तुम्हीच नेहमी सांगता. इथल्याच एखाद्या कॉलेजात घाला. नाही तरी काही पुरं करत नाही ती."

तेव्हा शेट उठले. आणि जी जीभ दोन महिने गप्प होती ती दुकानाच्या आवाजात, पेठेत ऐकू जाईल ऐशी सुटली. "अण्णा, बेताची? ही? माझी मुलगी? अहो, सगळ्या पेठेत हिच्या जोडीची पोरगी दाखवा मला! काय डोकं आहे! काय चिकाटी आहे! एकदा हातात घेतलं की सोडायचं नाव नाही! लोखंड वाकेल पण ही वाकणार नाही! ज्यांनी घेतली नाही ते पस्तावतील, डोक्याला हात लावून बसतील!" दामूअण्णा भिंतीस टेकले. वैजयंताबाईंनी तोंडावर हात घेतला. शेट घामाघूम जाहले, आणि मोहीम फत्ते जाहली ऐसे समजोन कन्येकडे पाहू लागले. परंतु मैथिलीच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती हळू म्हणाली, "बाबा, असं तर तुम्ही गळक्या तोटीलाही म्हणता."

शेट खाली बसले, आणि मग जे बोलिले ते दुकानाच्या आवाजात नव्हे. त्यांचा तो आवाज त्या घरात पूर्वी कोणी ऐकिला नव्हता. "मागच्या उन्हाळ्यात," शेट म्हणाले, "तू कोपऱ्यावरच्या गुलमोहराखाली उभी राहिलीस आणि म्हणालीस, इथे खणा. नगरपालिकेची माणसं हसली. अण्णा हसले. मीही हसलो, सगळ्यांबरोबर. तू तिथून हलली नाहीस. उन्हात उभी होतीस, ओठ सुकले होते तुझे. मग त्यांनी खणलं, आणि पाणी निघालं, आणि सगळ्यांनी तुला उचलायचं तर लोक खड्डा बघत बसले. मी तेव्हा टँकरच्या मागे गेलो होतो. तू विचारलंस, बाबा कुठे होतात. मी म्हटलं, फोन आला होता. फोन नव्हता आला. मी रडत होतो. मला वाटलं, हे माझं पोर आहे? माझं? मला फार... फार बरं वाटलं होतं, मैथिली. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून नव्हे. मला येतच नाही ते." इतके बोलोन शेट आपल्या चपलांकडे पाहत बसले. मैथिली त्यांच्या शेजारी येवोन बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोके ठेवोन मोठ्याने रडू लागली, लहान मूल रडते तैसी. आणि शेटांनी तिच्या डोक्यावर हात ठेविला व उचलिला नाही.

इकडे वैजयंताबाई ताडकन उठोन स्वयंपाकघरात गेल्या. कन्येचे गुण एवढ्या उघड्यावर, तेही शेजाऱ्यादेखत बोलिले गेले, त्याची काही तजवीज नको? मूठभर मीठमोहऱ्या आणि मिरच्या घेऊन आल्या, बापलेकींवरोन एकदमच उतरविल्या, दामूअण्णांकडे एक कटाक्ष टाकिला, आणि विस्तवावर घातल्या. मग जो ठसका उठला त्यात दरबारचे सर्वजण खोकू लागले, केतकीबाईंनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या, आणि कोण रडते व कोण खोकते हे कळेनासे जाहले. वैजयंताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, मोहऱ्या किती तडतडल्या! केवढी दृष्ट लागली होती!"

पुढे विश्वावसुनाम संवत्सरी, चैत्रात, केतकीबाईंनी हट्टाने ज्यांकडे अर्ज लावविले होते त्या लहान विद्यापीठांपैकी एकाने, जेथे पाण्याचेच शास्त्र शिकवितात, मैथिलीस बोलाविले. थोरल्या विद्यापीठाने का नाकारिले, वकिलांनी काय कळविले, पुरणपोळीचा काही परिणाम जाहला किंवा न जाहला, याविषयी मते निराळी आहेत आणि खरे कोणास ठाऊक नाही. शेट पुन्हा दुकानात बोलू लागले, परंतु पूर्वीइतके नाही. केतकीबाई एके दिवशी येवोन तोच शॉवर दाखवा म्हणाल्या; शेट म्हणाले, "बाई, चांगला आहे. दोन तऱ्हा चालतात, बाकीच्या तीन नुसत्या नावाला आहेत," आणि बाईंनी तो रोख पैसे देवोन नेला. मग श्रावणात मैथिली निघाली. सामान गाडीत चढले, सळईही चढली, कारण ती नेऊ नको म्हणावयास कोणी धजले नाही. तेव्हा दामूअण्णा, सवयीने, म्हणाले, "शेट, पोरगी हुशार निघाली हो." आणि सर्वजण शेटांच्या तोंडाकडे पाहू लागले की आता काय दोष सांगतात. शेट म्हणाले, "आहे." पुढे काही बोलिले नाहीत. गाडीत बसलेल्या मैथिलीने काच खाली करोन ते ऐकिले आणि मग काच वर केली.

येणेप्रमाणे त्या राज्यातील मोहिमेचे वर्तमान. थोरले विद्यापीठ हाती आले नाही, धाकटे आले, आणि जीभ वळावयास एक अख्खे संवत्सर लागले. ज्यांच्या घरी लेकरे आहेत त्यांनी काय नुसते म्हणायचे असते आणि काय खरे, हे त्यांस वेळीच सांगोन ठेवावे. लेखणी येथे पुसोन ठेविली.